कुलूप, किल्ली आणि सर्वांचे दप्तर



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांचा जो पायंडा पाडला, त्यामागे हेतू असा होता की जगात जे नवे ज्ञान निर्माण होते ते चार विद्वानांच्या खोलीत न राहता मंडपात यावे. त्याच हेतूला धरून आजचा विषय निवडला आहे. विषयाचे नाव थोडे बोजड आहे. आपल्या पेशींत 'कायनेज' नावाची प्रथिने असतात. त्यांच्या आकाराचे नकाशे जगातील संशोधकांनी एका सार्वजनिक भांडारात जमा केले आहेत. आणि त्या नकाशांच्या आधारे कर्करोगावरील औषधे शोधली जात आहेत. हे भांडार काय आहे, ते कसे वापरतात आणि काष्टीच्या बाजारकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पाटकरी आणि चारीचे दार

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला सतत निरोप मिळत असतात. वाढ, थांब, दोन हो, आता मर. हे निरोप पोहोचविण्याचे काम बहुतांशी प्रथिने करतात. श्रीगोंदे तालुक्यात पाटाचे पाणी खेळते, तेथील शेतकऱ्याला हे समजण्यास वेळ लागणार नाही. पाटाला पाणी सुटले म्हणून ते आपोआप उसाच्या सरीत येत नाही. पाटकरी चारीचे दार उघडतो, तेव्हा पाणी पुढे सरकते. दार लावले की थांबते. कायनेज हा पेशीतला पाटकरी होय.

त्याची दार उघडण्याची रीत अशी. पेशीत 'एटीपी' नावाचा एक रेणू असतो. त्याला तीन फॉस्फेट जोडलेले असतात. कायनेज त्यातले शेवटचे फॉस्फेट काढून घेते आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला चिकटविते. एवढ्याशा भाराने त्या प्रथिनाचा आकार किंवा वागणूक बदलते. जे निजले होते ते जागे होते, जे जागे होते ते निजते. एडविन क्रेब्स आणि एडमंड फिशर यांनी १९५५ च्या सुमारास हा व्यवहार प्रथम उलगडला आणि १९९२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या जनुकसंचाची मोजदाद झाल्यावर २००२ साली कायनेजांची यादी तयार झाली, तिच्यात ५१८ नावे भरली. म्हणजे आपल्या शरीरात पाचशेहून अधिक पाटकरी निरनिराळ्या चाऱ्यांवर नेमलेले आहेत.

आता समजा, एखाद्या चारीचे दार उघड्या स्थितीतच अडकून बसले. पाणी शेतात शिरतच राहील, पीक पिवळे पडेल, जमीन चिबड होईल. पेशीत असे झाले म्हणजे 'वाढ' हा निरोप थांबतच नाही. कर्करोगाचे पुष्कळ प्रकार अशा अडकलेल्या दारांतून निर्माण होतात.

एक उदाहरण सविस्तर पाहू. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी त्याचा उलगडा केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे मोडून एकमेकांस जोडले गेले होते. ह्या अदलाबदलीत 'एबल' नावाच्या कायनेजला दुसऱ्याच प्रथिनाचे शेपूट चिकटते आणि त्याचे दार कायमचे उघडे राहते. मग पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. ह्या रोगाला वैद्यकात 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' म्हणतात. आपल्या देशात तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी वयात, ऐन कर्तेपणात गाठतो. म्हणून एक माणूस पडला की एक घर पडते.

किल्ली आधी, कुलूप नंतर

औषध म्हणजे किल्ली आणि प्रथिन म्हणजे कुलूप, ही उपमा एमिल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली विकरांच्या संदर्भात दिली. कायनेजमध्ये जेथे एटीपी बसतो तेथे एक खोबण असते. त्या खोबणीत आपण दुसराच एखादा रेणू पाचरीसारखा ठोकला, तर एटीपीला जागा उरणार नाही आणि दार बंद होईल. कल्पना सोपी होती. परंतु बराच काळ शास्त्रज्ञांचा तीवर विश्वास नव्हता. सगळ्याच कायनेजांत एटीपी बसतो, तेव्हा सगळ्यांच्या खोबणी सारख्याच असणार. एकीत बसणारी पाचर पाचशे ठिकाणी बसेल आणि रोग्याबरोबर रोगीही जाईल, असा आक्षेप होता.

तरीही स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी ह्या कंपनीत (ती पुढे १९९६ साली नोव्हार्टिसमध्ये विलीन झाली) निकोलस लायडन, युर्ग झिमरमन इत्यादींनी शेकडो रेणू घडवून पाहिले आणि त्यांतून 'इमॅटिनिब' हाती लागले. अमेरिकेत ब्रायन ड्रकर यांनी १९९८ साली रोग्यांवर त्याच्या चाचण्या सुरू केल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. पुढील मोठ्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ८९ रोगी पाच वर्षांनंतर हयात होते. ज्या रोगात पूर्वी काही वर्षांची मुदत सांगितली जाई, तो रोज गोळी घेऊन सांभाळण्याजोगा झाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही किल्ली घडली तेव्हा कुलपाचा नकाशा कोणाजवळच नव्हता. ती घासून घासून, बसवून बसवून सापडली. ती एबलमध्येच इतकी चपखल का बसते, हे कळले नंतर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॉन कुरियन यांच्या प्रयोगशाळेने २००० साली इमॅटिनिबच्या एका जवळच्या भावंडासह एबलचा नकाशा प्रसिद्ध केला. लवकरच खुद्द इमॅटिनिबसह असलेला नकाशाही आला. त्यावरून दिसले ते असे: जागे असताना सर्व कायनेज एकमेकांसारखे दिसतात, परंतु निजल्यावर प्रत्येकाची अंगाची ठेवण वेगळी असते. इमॅटिनिब निजलेल्या एबलला गाठते आणि त्याला पुन्हा उठू देत नाही. 'सगळ्या खोबणी सारख्या' हा आक्षेप अर्धाच खरा होता. ह्या एका नकाशाने पुढच्या औषधशोधाची दिशा बदलली.

नकाशा कसा काढतात?

प्रथिन इतके लहान असते की साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याचे अणू दिसत नाहीत. म्हणून शुद्ध प्रथिनाचे स्फटिक बनवितात, जशी पाकात खडीसाखर धरते तसे, आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. किरण विखुरतात आणि ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणिताने प्रत्येक अणूची जागा काढतात. हे अंतर 'अँगस्ट्रॉम' ह्या मापाने मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अलीकडे गोठविलेल्या प्रथिनाची इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने छायाचित्रे घेऊनही नकाशा काढता येतो.

नकाशा म्हणजे शेवटी एक लांबलचक यादी होय: हा कार्बनचा अणू, त्याची लांबी-रुंदी-उंचीची जागा अमुक, हा नायट्रोजन, त्याची जागा तमुक. तो बरोबर आहे की नाही हे पडताळण्याची एक कसोटी भारतीय आहे. मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली, प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती घेता येत नाहीत, याचा आलेख मांडला. आजही नवा नकाशा आला की तो रामचंद्रन-आलेखावर ताडून पाहतात. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणांची खास वाट उभारली आहे, तेथे असे नकाशे काढले जातात.

भांडाराची गोष्ट

नकाशे काढणारे थोडे होते, तोवर ते एकमेकांना टपालाने पाठवीत. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत, इंग्लंडातील केंब्रिजच्या सहकार्याने, 'प्रोटीन डेटा बँक' स्थापन झाली. आरंभी तिच्यात अवघे ७ नकाशे होते. २००३ पासून अमेरिका, युरोप आणि जपान मिळून ती चालवितात. जानेवारी २०२३ मध्ये नकाशांची संख्या २ लाखांपलीकडे गेली. प्रत्येक नकाशाला चार अक्षरांची खूण असते, आणि कोणीही, कोठूनही, एक पैसा न देता तो उतरवून घेऊ शकतो.

हे औदार्य आपोआप आलेले नाही. वर्षानुवर्षे खपून काढलेला नकाशा दुसऱ्याला का द्यावा, असे म्हणणारे पुष्कळ संशोधक होते. १९८० च्या दशकात स्फटिकशास्त्रज्ञांनीच आपसात आग्रह धरला आणि सह्यांची मोहीम केली. आता नियम असा आहे की नकाशा भांडारात जमा केल्याशिवाय नामांकित शास्त्रीय मासिके लेख छापीत नाहीत. ज्या संशोधनाला लोकांचा पैसा लागला, त्याचे फळ लोकांच्या दप्तरात नोंदले जावे, हे त्यामागील तत्त्व होय.

कायनेजचा पहिला नकाशा सॅन डिएगो येथे सुझन टेलर यांच्या गटाने १९९१ साली काढला. त्यानंतर इतके कायनेज नोंदले गेले की आज त्यांचे नकाशे हजारांनी मोजावे लागतात. येथे नवी अडचण उभी राहिली. भांडार भरले, पण त्यात शोधावे कसे?

ही अडचण काष्टीच्या बाजारावरून चांगली समजेल. आपल्या येथील बैलबाजारात दूरदूरचे व्यापारी येतात. कोणी आपला बैल 'तीन उन्हाळे पाहिलेला' म्हणेल, कोणी 'थोरल्याच्या लग्नाच्या सालचा' म्हणेल. अशा बोलण्यावर सौदा होत नाही. म्हणून गिऱ्हाईक बैलाचे तोंड उघडून दात पाहते आणि आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे शब्द वापरते. बैल खिलार असो वा डांगी, दुसा म्हणजे दोन दात. त्यात वाद नाही. सर्वांस मान्य अशी मोजणी असली म्हणजेच दोन बैलांची तुलना होऊ शकते.

कायनेजांच्या बाबतीत ही मोजणी ॲमस्टरडॅमच्या व्रिए विद्यापीठातील संशोधकांनी केली. 'क्लिफ्स' नावाचे त्यांचे दप्तर २०१४ पासून प्रसिद्ध झाले. मूळ भांडारातील कायनेजांचे नकाशे घेऊन ते एकाच दिशेला तोंड करून उभे केले आणि औषध जेथे बसते त्या खोबणीतील ८५ जागांना १ ते ८५ असे क्रमांक दिले. कोणते औषध कोणत्या जागेला कसे स्पर्श करते, याची नोंद प्रत्येक नकाशाबरोबर ठेवली. कायनेज निजलेले आहे की जागे, हेही तेथे लिहिलेले असते. ते ८१ ते ८३ ह्या तीन जागांच्या ठेवणीवरून ठरते.

पंचेचाळिसाव्या जागेवरचा द्वारपाल

ह्या क्रमांकांचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रोग्यांत रोग उलटतो. २००१ साली कळले की अशा काही रोग्यांत एबल प्रथिनाचा ३१५ वा घटक बदललेला असतो; थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन नावाचा थोराड घटक येऊन बसतो आणि औषधाची वाट अडवितो. दुसरीकडे, फुप्फुसाच्या कर्करोगात 'ईजीएफआर' नावाच्या कायनेजवर गेफिटिनिब हे औषध देतात. तेही काही महिन्यांनी निकामी होते, तेव्हा पुष्कळदा ७९० वा घटक बदललेला सापडतो. ३१५ आणि ७९० हे आकडे पाहून दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येईल? परंतु क्लिफ्सच्या मोजणीत दोन्ही जागांचा क्रमांक एकच आहे: ४५. ती खोबणीच्या आतल्या कप्प्याच्या तोंडाशी असलेली जागा. शास्त्रज्ञ तिला 'द्वारपाल' म्हणतात. दोन गावांतल्या दोन घरांचे क्रमांक निराळे असले तरी उंबरठा तो उंबरठाच.

म्हणजे एका कर्करोगात शिकलेला धडा दुसऱ्या कर्करोगात कामास येतो. एबलच्या बदललेल्या द्वारपालाला चुकवून आत शिरण्यासाठी नकाशा समोर ठेवून पोनॅटिनिब हे औषध रचले गेले. त्याच्या मधोमध एक सडपातळ, सरळ दुवा ठेवला, म्हणजे थोराड द्वारपालाला धक्का लागत नाही. २०१२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ईजीएफआरच्या बाबतीत ऑसिमर्टिनिबने निराळी युक्ती केली: ते जवळच्या ७९७ व्या घटकाला रासायनिक बंधाने कायमचे चिकटते. त्याला २०१५ साली मान्यता मिळाली. आजमितीस अमेरिकेत मान्यता मिळालेली कायनेजरोधक औषधे ऐंशीहून अधिक आहेत.

मात्र नकाशा म्हणजे औषध नव्हे. दावणीला उभा असलेला बैल पाहून तो औताला कसा चालेल हे सगळे कळत नाही. तसेच स्फटिकातले प्रथिन स्थिर असते आणि पेशीतले सतत हलत असते. रेणू पोटात टिकेल काय, यकृत त्याचे काय करील, आणखी कोणत्या खोबणीत तो शिरेल, हे नकाशा सांगत नाही. पोनॅटिनिब रोगावर चालले, पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका दिसून आल्याने २०१३ साली अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. २०२१ साली 'अल्फाफोल्ड' ह्या संगणकी पद्धतीने अनुक्रमावरून प्रथिनाचा आकार वर्तविणे शक्य झाले आणि तिच्या कर्त्यांना २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. परंतु ती पद्धतही ज्या अभ्यासावर तयार झाली तो अभ्यास ह्याच सार्वजनिक भांडाराचा. आणि औषध बसल्यावर प्रथिन कसे वळते, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग आजही करावेच लागतात.

मुंबईतील दोन गोष्टी

ह्या साऱ्याशी महाराष्ट्राचा संबंध केवळ वाचकाचा नाही. १९४१ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ९०७ भारतीय रोगी तपासले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले की त्यांपैकी शेकडा २३ जणांत ईजीएफआर बदललेले आहे. गोऱ्या लोकांत आढळणाऱ्या प्रमाणाहून हे अधिक आहे. त्याच रुग्णालयाने पुढे अशा ३५० रोग्यांवर चाचणी घेतली: निम्म्यांना केवळ गेफिटिनिब, निम्म्यांना त्याच्या जोडीला नेहमीची रसायने. पहिल्या गटात रोग साधारण ८ महिने थोपला, दुसऱ्यात १६ महिने. त्रास मात्र दुसऱ्या गटात अधिक झाला. परदेशात घडलेल्या औषधाचा अधिक चांगला उपयोग कसा करावा, हे परळच्या रुग्णालयाने जगाला दाखविले.

दुसरी गोष्ट कोर्टातली. इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मिळावे, असा नोव्हार्टिसचा अर्ज होता. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ह्या संस्थेने आणि काही भारतीय कंपन्यांनी त्यास हरकत घेतली. २००६ साली चेन्नईच्या पेटंट कचेरीने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी निकाल दिला की, माहीत असलेल्या औषधाचे नवे रूप अधिक गुणकारी ठरल्याखेरीज त्यास पेटंट देता येत नाही. त्या काळी कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय बनावटीच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. कंपनी पुष्कळ रोग्यांना औषध मोफत देत होती, हेही नमूद केले पाहिजे. आणि संशोधनाला पैसा लागतो, तो कोठून तरी यावा लागतो, हे तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तथापि दानावर जगणे आणि हक्काने विकत घेता येणे, यांत फरक आहे. कोरडवाहू चार एकरांच्या धन्याला पहिल्या किमतीत जनावरे, जमीन सगळे विकूनही वर्ष निघाले नसते.

ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे भांडाराचे मोल ध्यानात येते. किल्लीवर काही काळ कोणाची मालकी असू शकेल. कुलपाचा आकार मात्र सृष्टीने घडविलेला आहे, तो सर्वांच्या दप्तरात असला पाहिजे. औषधकंपन्या आजही आपले पुष्कळ नकाशे कपाटात ठेवतात. जे नकाशे उघडे आहेत ते लोकांच्या करातून चाललेल्या प्रयोगशाळांनी आणि काही उदार कंपन्यांनी दिलेले आहेत. तो कर आटला, तर दप्तर अपुरे राहील आणि पुढची किल्ली घडविण्याचा हक्क मोजक्यांच्या हाती जाईल.

आपल्याकडे हे दप्तर वाचण्याची तयारी कधीच सुरू झाली आहे. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' हा महासंगणक बांधला. २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' आला. परंतु नकाशा पाहण्यासाठी महासंगणक लागत नाही. महाविद्यालयातील साध्या संगणकावर '१-आयईपी' ही खूण टाकली की एबलच्या खोबणीत बसलेले इमॅटिनिब डोळ्यांसमोर उभे राहते. ते फिरवून, उलटून, अंतर मोजून पाहता येते. श्रीगोंद्याच्या किंवा दौंडच्या विद्यार्थ्याला जे दिसते तेच बॉस्टनच्या प्राध्यापकाला दिसते. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्षातून एक तास ह्यासाठी द्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि ज्यांच्या घरी हा रोग आला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ही औषधे विशिष्ट बिघाडावरच चालतात; म्हणून गाठीची किंवा रक्ताची जनुकीय तपासणी झाली आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. बरे वाटू लागले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. थांबविणे किंवा बदलणे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पाचर सैल झाली की पाणी पुन्हा शिरते, आणि त्या अवधीत पंचेचाळिसाव्या जागेवरचा द्वारपाल बदलला, तर जुनी किल्ली पुन्हा लागत नाही.